सोनेरी पट्टीचं लायसन्स

जपानमध्ये ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत संपत आली की सरकार स्वतःहून पत्र पाठवतं. दिसायला साधं पोस्टकार्ड, पण दुहेरी चिकटवलेलं; कोपऱ्यापासून सोललं की आतला मजकूर दिसतो. नूतनीकरण कुठे करता येईल, येताना काय आणायचं, पैसे किती लागतील, हे सगळं त्यात असतं. शिवाय तुमचा वर्ग लिहिलेला असतो. तुम्ही उत्कृष्ट चालक आहात, सर्वसाधारण आहात, नियम मोडणारे आहात, की पहिल्यांदाच नूतनीकरणाला येताय? या चारांपैकी एकात तुम्हाला बसवलेलं असतं. मजकूर जपानीत असतो. वाचता येत नाही म्हणून ऑफिसातल्या सहकाऱ्याकडे दिलं, तर आपण गाडी कशी चालवतो हे त्यालाही आयतंच कळतं.

मुदतीचा हिशोब वाढदिवसावर चालतो. वाढदिवसाच्या एक महिना आधी खिडकी उघडते आणि एक महिन्यानंतर बंद होते. समजा, तोक्योच्या निशिकासाईत राहणाऱ्या एखाद्या पुणेकर इंजिनिअरचा जन्म २० नोव्हेंबरचा आहे. ज्या वर्षी मुदत संपते त्या वर्षी २० ऑक्टोबर ते २० डिसेंबर एवढा वेळ त्याच्या हातात असतो. ही पद्धत लक्षात राहायला सोपी आहे, कारण स्वतःचा वाढदिवस सहसा कुणी विसरत नाही. विसरलं जातं ते वर्ष, म्हणजे मुदत या वर्षी संपते की पुढच्या. परदेशी माणसाची गडबड तिथेच होते, कारण त्याच्या डोक्यात आधीच दुसरी एक तारीख ठाण मांडून बसलेली असते: व्हिसाची.

या दोन तारखांचं एकमेकींशी नातं काय, यावर कुठल्याही देशातल्या परदेशी रहिवाशाच्या लायसन्सची कथा ठरते. अमेरिकेत ते नातं घट्ट आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर ओळखपत्रांची छाननी कडक झाली. २००५ च्या रिअल आयडी कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांच्या लायसन्सची मुदत त्यांच्या अधिकृत वास्तव्याच्या मुदतीला बांधून टाकली. एच-वन-बी वाल्याचा व्हिसा पुढे सरकायला उशीर झाला की लायसन्सही अडकतं. नोकरी करायची परवानगी शाबूत, पण नोकरीवर जायला गाडी चालवायची परवानगी संपलेली, असा प्रसंग न्यू जर्सी किंवा टेक्ससमधल्या कितीतरी मराठी घरांनी पाहिला आहे. संयुक्त अरब अमिरातीत वेगळी तऱ्हा. तिथे पहिलं लायसन्स दोन वर्षांचं मिळतं. पुढचं नूतनीकरण परदेशी रहिवाशाला पाच वर्षांचं आणि नागरिकाला दहा वर्षांचं. दंड थकला असेल तर तो आधी भरायचा, मगच नवं कार्ड.

जपानने या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवल्या. नूतनीकरणाला जाताना रेसिडेन्स कार्ड सोबत न्यावं लागतं हे खरं. पण व्हिसाची दहा महिन्यांची मुदत उरलेल्या माणसालाही पाच वर्षांचं लायसन्स मिळू शकतं. लायसन्सचं काम बघणाऱ्या तिथल्या पोलिसांच्या लेखी तुम्ही या देशात किती दिवस राहणार हा इमिग्रेशनचा प्रश्न आहे. त्यांना बघायचं असतं ते एवढंच की तुम्ही स्टॉपच्या रेषेवर थांबता की नाही.

अर्थात नूतनीकरणापर्यंत पोचायला आधी जपानी लायसन्स हातात हवं, आणि भारतीय माणसाला ते सहजासहजी मिळत नाही. काही देशांच्या आणि अमेरिकेतल्या मोजक्या राज्यांच्या लायसन्सधारकांना परीक्षा माफ असते. त्या यादीत भारत नाही. आपलं लायसन्स मिळाल्यावर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा द्यायचा, लायसन्सचं जपानी भाषांतर करून घ्यायचं, लेखी परीक्षा द्यायची आणि मग लायसन्स केंद्राच्या आवारातल्या ट्रॅकवर गाडी चालवून दाखवायची. १ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ही लेखी परीक्षा अगदीच लुटुपुटूची होती: दहा प्रश्न, सात बरोबर आले की झालं. हॉटेलचा पत्ता देऊन पर्यटकही लायसन्स बदलून घेत होते. परदेशी चालकांच्या काही अपघातांवरून ओरड झाली आणि नियम बदलले. आता प्रश्न पन्नास, त्यातले पंचेचाळीस बरोबर यायला हवेत, आणि जपानमध्ये रहिवासी म्हणून नोंद असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. ट्रॅकवरची चाचणी आधीही अवघड होती, आता आणखी काटेकोर झाली. जपानमध्येही गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणून आपल्याला सगळं ओळखीचं वाटतं, आणि तिथेच माणूस फसतो. पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस ट्रॅकवर वळण घेताना मान वळवून मागची बाजू बघत नाही, आरशावर भागवतो. परीक्षक काही न बोलता कागदावर खूण करतो.

लायसन्स मिळालं की सुरू होतो रंगांचा खेळ. कार्डावर मुदतीची तारीख ज्या पट्टीवर छापलेली असते, त्या पट्टीचे रंग तीन. नव्याने लायसन्स काढणाऱ्याला हिरवी. पहिल्या नूतनीकरणानंतर निळी. आणि पाच वर्षं अपघात नाही, नियमभंग नाही, अशा माणसाला सोनेरी. ही सोनेरी पट्टी १९९४ मध्ये आली. हिरव्यापासून सोनेरीपर्यंत पोचायला साधारण सहा वर्षं लागतात, कारण पहिलं कार्ड तीनेक वर्षांचं, पहिल्या नूतनीकरणात मिळणारं निळं कार्डही तीनच वर्षांचं, आणि त्यानंतर कुठे हिशोबाची पाच वर्षं भरतात.

पाच वर्षं मोजतात तीही बारकाईने. वाढदिवसाच्या चाळीस दिवस आधीपर्यंतची पाच वर्षं बघितली जातात. आपल्या २० नोव्हेंबरच्या इंजिनिअरचा हिशोब ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातच मिटतो. त्यानंतर झालेली चूक पुढच्या खात्यात जाते. पाच वर्षांत एखादीच किरकोळ चूक झाली असेल तर माणूस सर्वसाधारण वर्गात येतो. पट्टी निळी, पण मुदत पाच वर्षांची. दोन किंवा जास्त चुका झाल्या, किंवा एकच पण मोठी झाली, तर मुदत तीन वर्षांवर येते आणि नूतनीकरणाच्या दिवशी लेक्चरला दोन तास बसावं लागतं.

किरकोळ चूक म्हणजे काय, हे आपल्याकडच्या अनुभवावरून ठरवू नये. जपानमधली थांबण्याची पाटी उलट्या लाल त्रिकोणाची असते. २०१७ पासून नव्या पाट्यांवर जपानीखाली इंग्रजीतही लिहितात. गल्लीच्या तोंडाशी ही पाटी आणि रस्त्यावर जाड पांढरी रेघ असली की चाकं पूर्ण थांबायला हवीत. रस्ता रिकामा असो, रात्रीचे दोन वाजलेले असोत. आपला माणूस वेग कमी करतो, दोन्हीकडे बघतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये पुढे सरकतो. त्याच्या मते तो थांबलेलाच असतो. कोपऱ्याआड उभ्या पोलिसाच्या मते तो थांबलेला नसतो. दंड सात हजार येन, दोन गुण आणि सोनेरी पट्टी पाच वर्षं लांब. रेल्वे फाटकाचंही तसंच. फाटक उघडं असलं तरी सिग्नल नसेल तिथे रुळांआधी थांबून, बघून, मगच पुढे जायचं. चुकलं तर नऊ हजार येन आणि पुन्हा दोन गुण. गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर २०१९ च्या डिसेंबरपासून अठरा हजार येन आणि तीन गुण.

इथे गुण चढत जातात. शून्यावर असणं सगळ्यांत चांगलं. सहा झाले की लायसन्स तीस दिवस निलंबित, पंधरा झाले की रद्द. वर्षभर नीट चालवलं की जुने गुण या मोजणीतून निघून जातात. पण रंग मात्र पाच वर्षं विसरत नाही, आणि अनेक परदेशी लोकांच्या हे लक्षात येत नाही. दंड भरला, वर्ष सरलं, प्रकरण मिटलं असं समजून ते निर्धास्त असतात, आणि चार वर्षांनी पोस्टकार्ड सोलल्यावर त्या जुन्या चुकीची आठवण होते.

त्याच कार्डावर आणखी एक गोष्ट उघड्यावर असूनही कुणी वाचत नाही: बारा आकडी क्रमांक. आपल्याकडे एमएच १२ दिसलं की पुणं कळतं. तसे इथले पहिले दोन आकडे लायसन्स पहिल्यांदा कुठे काढलं ते सांगतात. तोक्योसाठी ३०. पुढचे दोन आकडे म्हणजे ते कुठल्या वर्षी काढलं. आणि शेवटचा आकडा? हे कार्ड आजवर किती वेळा हरवून पुन्हा काढलं, त्याची ती मोजणी. शून्य असेल तर माणूस जपून ठेवणारा. मला हा आकडा फार जपानी वाटतो. कुणी रागावत नाही, दंड करत नाही, फक्त नोंद राहते.

निशिकासाईतल्या मंडळींच्या सोयीचं केंद्र म्हणजे कोतो वॉर्डातलं. तोझाई लाइनने दोन स्टेशनं, तोयोचोला उतरायचं आणि पाचेक मिनिटं चालायचं. रविवारीही ते उघडं असतं. मात्र आता तोक्योत आधी वेळ आरक्षित करावी लागते. उठलं आणि गेलं असं चालत नाही. आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल-खुर्ची टाकून बसलेल्या एजंटांची सवय असलेल्या माणसाला इथे चुकल्यासारखं होतं, कारण मध्ये कुणीच नाही. खिडक्यांना क्रमांक आहेत, जमिनीवर बाण आहेत, आणि एका खिडकीवरून पुढच्या खिडकीकडे माणूस आपोआप सरकत जातो.

फी भरल्यावर काही ठिकाणी वाहतूक सुरक्षा संघटनेचं सभासद व्हायचं का, असं विचारतात. वर्गणी ऐच्छिक आहे. भाषा न कळणारा परदेशी माणूस ती सरकारी फीचाच भाग समजून मुकाट्याने भरतो. पैसे सत्कारणी लागतात, तेव्हा त्यात वाईट काही नाही. पण ऐच्छिक आहे हे माहीत असलेलं बरं.

डोळ्यांची तपासणी अर्ध्या मिनिटात होते. यंत्राच्या भिंगाला डोळे लावायचे. आत एक छोटं वर्तुळ दिसतं, एका बाजूला फट असलेलं. फट कुठे आहे ते सांगायचं. त्यासाठी चार जपानी शब्द पुरतात: उए, शिता, मिगी, हिदारी. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. ज्यांना तेही आठवत नाहीत ते बोट दाखवतात, आणि काम भागतं. साध्या मोटारीच्या लायसन्सला दोन्ही डोळ्यांनी मिळून ०.७ आणि प्रत्येक डोळ्याने ०.३ एवढी दृष्टी लागते. आपल्याकडच्या चष्म्याच्या भाषेत ०.७ म्हणजे ६/९ च्या आसपास. चष्मा लावून पास झालात तर कार्डावर तशी अट छापून येते. गेल्या पाच वर्षांत लेझरने चष्मा घालवला असेल तर बिनचष्म्याने तपासणी देऊन ती अट काढूनही घेता येते. हे करून घ्यायला विसरू नये. नाहीतर डोळे ठणठणीत असूनही कागदोपत्री तुम्ही बिनचष्म्याचे सापडता.

याशिवाय एक कागद हातात येतो, आणि मला विचाराल तर नूतनीकरणाच्या सगळ्या सोपस्कारांत खरं वजन त्या कागदाला आहे. पाच प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. गेल्या पाच वर्षांत आजारामुळे शुद्ध हरपली होती का? शरीर काही काळ मनासारखं हलेनासं झालं होतं का? पुरेशी झोप होऊनही दिवसा काम करता करता आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा झोप लागत होती का? दारूबद्दल एक प्रश्न. आणि डॉक्टरांनी गाडी चालवू नका असं सांगितलं आहे का? खोटं उत्तर दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनांपर्यंत दंड.

हा कागद २०१४ च्या जूनपासून आला, आणि त्यामागे एक भयंकर सकाळ आहे. १८ एप्रिल २०११ रोजी तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहरात एक क्रेन ट्रक शाळेत निघालेल्या मुलांच्या रांगेत घुसला. सहा मुलं गेली. चालकाला अपस्माराचा आजार होता आणि लायसन्स घेताना त्याने तो लपवला होता. मुलांच्या पालकांनी सह्यांची मोहीम उभी केली, सरकारकडे पाठपुरावा केला, आणि कायदा बदलला. आज त्या पाच चौकटींवर भराभर 'नाही'च्या खुणा करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? परदेशी माणसाला तर नसतंच. त्याला काही केंद्रांवर त्या प्रश्नांचं भाषांतर मिळतं, त्यामागची गोष्ट मिळत नाही.

असे प्रश्न आपल्याकडेही आहेत. आरटीओचा फॉर्म नंबर एक म्हणजे स्वतःच्या प्रकृतीबद्दलची घोषणाच, आणि त्यात फिट किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल स्पष्ट विचारलेलं असतं. चाळिशीनंतर तर डॉक्टरचं प्रमाणपत्रही लागतं. पण तो कागद अर्जाच्या गठ्ठ्यात कुठेतरी असतो, बहुतेकदा दुसऱ्याच कुणीतरी भरलेला, आणि आपण फुलीच्या खुणेपाशी सही करतो. जपानी कागद परिपूर्ण आहे असं माझं म्हणणं नाही. आजारी माणूस नोकरी जाईल या भीतीने तिथेही खोटं लिहू शकतो. म्हणूनच 'हो' असं उत्तर दिल्याने लायसन्स लगेच जात नाही, हे त्याच कागदावर छापलेलं असतं.

मग फोटो, आणि मग लेक्चर. उत्कृष्ट वर्गाला अर्धा तास, सर्वसाधारण वर्गाला एक तास, नियम मोडलेल्यांना आणि पहिल्यांदा आलेल्यांना दोन तास. पैसेही त्याच चढत्या क्रमाने: मार्च २०२५ पासून ५००, ८०० आणि १,४०० येन, कार्डाच्या शुल्काव्यतिरिक्त. हातात पुस्तिका देतात. निवृत्तीकडे झुकलेला एखादा शिक्षक उभा राहतो, गेल्या काही वर्षांत कायद्यात काय बदललं ते सांगतो, आपल्या भागात अपघात कुठे होतात ते सांगतो. मग एक फिल्म. तिच्यात सहसा एक साधा माणूस असतो, एक क्षणाचं दुर्लक्ष असतं, आणि पुढे त्याच्या आणि समोरच्याच्या घराचं काय झालं ते असतं. भाषा कळली नाही तरी ही फिल्म कळते. शेवटी परीक्षा नाही. बसलात, जागे राहिलात, की झालं.

लेक्चर बहुतेक ठिकाणी जपानीतच असतं, आणि इथे मात्र मला ही व्यवस्था थोडी आंधळी वाटते. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी रहिवासी होते. त्यात भारतीय पन्नास हजारांवर. ज्याला नव्या नियमाची सगळ्यांत जास्त गरज, तोच माणूस त्या खोलीत एक तास बाहुल्यासारखा बसून उठतो. चालकाशी पाच वर्षांतून एकदा बोलायचं असं सरकारने ठरवलं, ही उत्तम गोष्ट आहे. पण ते बोलणं समोरच्याला समजलं पाहिजे, हा भाग अजून ठिकठिकाणी वेगवेगळा आणि अर्धवटच आहे.

सोनेरी पट्टीवरही एक वाजवी आक्षेप आहे. ती न चुकणाऱ्याला मिळते, आणि न चुकण्याची सगळ्यांत खात्रीची वाट म्हणजे गाडीच न चालवणं. जपानमध्ये अशा लोकांना पेपर ड्रायव्हर म्हणतात. तोक्योत ते पैशाला पासरी. गाडी घ्यायची तर ती उभी करायला जागा आहे हे आधी पोलिसांना दाखवावं लागतं, त्या जागेचं भाडंही चांगलंच पडतं, आणि लोकल दारात आहे. आपल्या मराठी कुटुंबांतही चित्र फारसं निराळं नसतं. वर्षभर लायसन्स पाकिटात, आणि आई-बाबा आले की फुजी दाखवायला भाड्याने गाडी. असा माणूस अर्ध्या तासाच्या लेक्चरला उत्कृष्ट म्हणून बसतो आणि विम्यात सवलत मिळवतो. रोज आठ तास टेम्पो चालवणारा माणूस एका चुकलेल्या थांब्यासाठी निळ्यावर येतो. तरी एक गोष्ट कबूल करावी लागेल. १९७० मध्ये जपानच्या रस्त्यांवर १६,७६५ माणसं मेली होती. २०२४ मध्ये २,६६३. भारतात २०२२ या एका वर्षातला आकडा १,६८,४९१ होता. जपानचं श्रेय एकट्या लेक्चरला देता येणार नाही; फुटपाथ, रेलिंग, सीटबेल्ट, दारू पिऊन चालवणाऱ्यांवरचे कडक कायदे, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण 'मुदत वाढवणे' या निर्जीव कामातून चालकाला पाच मिनिटं विचार करायला लावायचं, हे त्याच धोरणाचं एक अंग आहे.

लेक्चर संपलं की नवं कार्ड त्याच दिवशी हातात पडतं. जुन्या कार्डाला भोक पाडतात, आणि हवं असेल तर ते आठवण म्हणून परतही देतात.

परदेशी रहिवाशाचा खरा कस लागतो तो मात्र वेळ चुकली तर. बाळंतपण, वडिलांचं आजारपण, लांबलेली रजा, अशी कितीतरी कारणं निघतात, आणि खिडकी उघडी असताना माणूस नेमका भारतात असतो. जायचं आधीच ठरलेलं असेल तर पासपोर्ट-तिकीट दाखवून मुदतीआधीच नूतनीकरण करता येतं. फक्त मग पुढची मुदत थोडी आखूड होते. मुदत संपून गेली आणि सहा महिन्यांच्या आत परतलात, तर परीक्षा नाही; तपासणी आणि लेक्चरवर काम भागतं. सहा महिन्यांच्या पुढे, तीन वर्षांपर्यंत, परदेशात असल्याचं कारण चालतं, पण परतल्यापासून एका महिन्यात जावं लागतं आणि आपण खरंच देशाबाहेर होतो हे सिद्ध करावं लागतं. पुरावा म्हणजे पासपोर्टवरचे शिक्के. विमानतळावरच्या स्वयंचलित गेटमधून गेलं की शिक्का पडत नाही. म्हणून अशा वेळी गेट ओलांडल्यावर तिथल्या अधिकाऱ्याकडून शिक्का मागून घ्यावा. मागितला की मारून देतात. कारण मान्य झालं तर आधीची वर्षं मोडत नाहीत आणि सोनेरी पट्टी टिकू शकते. 'विसरलो' हे कारण सांगितलं तर सहा महिन्यांच्या आत नवं कार्ड मिळतं, पण आधीची साखळी तुटते आणि सोनं जातं. मधल्या काळात गाडी चालवली तर तो विनापरवाना गुन्हा: पंचवीस गुण, म्हणजे लायसन्स रद्द, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनांपर्यंत दंड.

पोस्टकार्ड आलंच नाही, ही सबबही चालत नाही. ते लायसन्सवरच्या पत्त्यावर जातं. घर बदललं की वॉर्ड ऑफिसात नोंद करायची, हे परदेशी माणूस कधी चुकवत नाही, कारण ते रेसिडेन्स कार्डाशी जोडलेलं आहे. लायसन्ससाठी पोलिस स्टेशनात वेगळं जावं लागतं, हे राहून जातं. तिथे कार्डाच्या पाठीवर नवा पत्ता उमटवून देतात. फी नाही, दहा मिनिटांचं काम.

आता यात एक नवी वाट निघाली आहे. २४ मार्च २०२५ पासून लायसन्स माय नंबर कार्डात, म्हणजे तिथल्या आधारसारख्या कार्डात, भरून घेता येतं. तीन पर्याय आहेत: फक्त जुन्या पद्धतीचं कार्ड २,८५० येन, फक्त माय नंबर कार्डात २,१०० येन, दोन्ही हवी असतील तर २,९५० येन. माय नंबर कार्डात भरून घेणाऱ्यांपैकी उत्कृष्ट आणि सर्वसाधारण वर्गाला लेक्चर घरबसल्या ऑनलाइन, तेही २०० येनांत. पत्त्याची नोंदही, लायसन्स फक्त माय नंबर कार्डात असेल आणि तशी संमती दिली असेल तर, वॉर्ड ऑफिसातल्या एकाच फेरीत होते. सोनेरी पट्टी मात्र दिसत नाही. सगळी माहिती चिपच्या आत, फोनवरच्या अॅपने वाचायची.

स्वस्त आणि सोयीचं म्हणून परदेशी माणूस हाच पर्याय उचलेल, पण त्याने थोडं थांबून विचार करावा. कायमचे निवासी सोडले तर बहुतेक परदेशी लोकांच्या माय नंबर कार्डाची मुदत व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते. व्हिसा वाढला तरी कार्डाची मुदत आपोआप वाढत नाही. वॉर्ड ऑफिसात जाऊन वाढवून घ्यावी लागते. व्हिसाचा अर्ज अडकून पडला असेल तर दोन महिन्यांची सवलत मिळते, पण तीही मागावी लागते. लायसन्सची स्वतःची मुदत यात बदलत नाही, पण ते ज्या कार्डात बसलंय त्या कार्डावर आता इमिग्रेशनची तारीख आहे. मुदत उलटून नवं कार्ड काढायची वेळ आली, तर त्यात लायसन्सची नोंद आहे ना हेही बघावं लागतं. ज्या दोन तारखा जपानने इतकी वर्षं वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या अशा मागच्या दाराने शेजारी येऊन बसल्या. शिवाय इतर देशांत गाडी चालवायची झाली तर नुसत्या माय नंबर कार्डावर तिथले लोक भागवून घेतीलच असं नाही. दर एक-तीन वर्षांनी व्हिसा वाढवणाऱ्याने तूर्त दोन्ही कार्डं घ्यावीत. नुसत्या जुन्या कार्डापेक्षा त्याला शंभर येन जास्त पडतात.